बटाट्याच्या शेतांतील नगर

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें, तेव्हां अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विजयाच्या आनंदाखालीं एक भीति दडलेली होती. सव्वा कोटीच्या आसपास लोक लष्करी गणवेष उतरवून घरीं यावयाचे होते, आणि त्यांतील बहुतेकांचें बालपण अथवा तारुण्य १९२९ नंतरच्या मंदींत गेलेलें होतें. तोफा व विमानें करणारे कारखाने थंडावले म्हणजे पुन्हां तीच बेकारी येणार, असा अनेकांचा कयास होता. घडलें तें अगदीं उलट. पुढील सुमारें पंचवीस वर्षें त्या देशांत जी भरभराट झाली, तिचीं वर्णनें बहुधा मोटारी, शीतकपाटें आणि कारखान्यांचें उत्पादन यांच्या आकड्यांनीं भरलेलीं असतात. आम्हांस मात्र त्या काळाचें अंतरंग एका लहानशा घरांत अधिक स्पष्ट दिसतें. तें घर न्यूयॉर्कच्या पूर्वेस, लाँग आयलंड बेटावरील बटाट्याच्या शेतांत उभें राहिलें. त्या वसाहतीचें नांव लेव्हिटटाउन.

प्रथम घराची टंचाई केवढी होती हें ध्यानांत घेतलें पाहिजे. मंदीच्या वर्षांत घरबांधणी जवळजवळ थांबली होती. १९३३ सालीं साऱ्या देशांत एक लाखहि नवीं घरें सुरू झालीं नाहींत. पुढें युद्धानें लाकूड, लोखंड व मजूर सर्व आपल्याकडे ओढून घेतलें. परत आलेला सैनिक लग्न करी आणि सासऱ्याच्या घरांतील एका खोलींत संसार मांडी. कोणी लष्कराच्या अर्धगोल पत्र्याच्या छपरांत राहत. शिकागो शहरानें तर मोडींत निघालेले ट्रॅमचे डबे राहण्यासाठीं विकावयास काढले होते. शत्रूला जिंकून आलेल्या राष्ट्राची ही स्थिति होती.

या कोंडीचें कुलूप उघडलें तें सरकारनें, आणि ही गोष्ट त्या भरभराटीचे भाट बहुधा सांगत नाहींत. अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं २२ जून १९४४ रोजीं माजी सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यावर सही केली. त्याअन्वयें शिक्षणाचा खर्च सरकार देऊं लागलें. सुमारें बावीस लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले, आणि १९४७ सालीं तेथील विद्यार्थ्यांत जवळजवळ निम्मे तेच होते. ज्या घराण्यांत पूर्वीं कोणी विद्यापीठाची पायरी चढलें नव्हतें, अशा घराण्यांतून इंजिनियर, शिक्षक व हिशेबनीस निघूं लागले. दुसरी सवलत घराची. पूर्वीं घर घेणाऱ्यास अर्धी किंमत रोख मोजावी लागे व उरलेली थोड्याच वर्षांत फेडावी लागे. १९३४ सालीं स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण खात्यानें कर्जाचा विमा उतरविण्यास आरंभ केला, माजी सैनिकांच्या खात्यानें कर्जास हमी दिली, आणि परतफेडीची मुदत पंचवीस-तीस वर्षांची झाली. धोका सरकारनें पत्करला आणि व्याज पेढ्यांनीं घेतलें. कारागिराचा मुलगा घरमालक झाला तो ह्या व्यवस्थेमुळें, केवळ काटकसरीमुळें नव्हे.

ह्या संधीचें सोनें केलें अब्राहम लेव्हिट व त्याचे पुत्र विल्यम आणि आल्फ्रेड यांनीं. १९४७ सालीं त्यांनीं कामास हात घातला. मोटारीच्या कारखान्यांत गाडी पुढें सरकते व मजूर जागीं उभा असतो. येथें घरें जागीं राहिलीं व मजुरांच्या टोळ्या एका घरावरून दुसऱ्यावर सरकत गेल्या. घराच्या कामाचे वीसहून अधिक टप्पे पाडून प्रत्येक टोळीला एकच टप्पा नेमून दिलेला होता. तळघर नाहीं, जमिनीवर काँक्रीटचा थर. लांकूड कॅलिफोर्नियांतील स्वतःच्या गिरणींत कापलेलें, खिळेहि घरचेच. काम ऐन भरांत आलें तेव्हां दिवसाला तीसच्या वर घरें पुरीं होत, आणि १९५१ पर्यंत त्यांची संख्या १७,४४७ झाली. पहिलीं घरें साडेसातशे चौरस फुटांचीं असून माजी सैनिकांस महिना ६० डॉलर भाड्यानें दिलीं होतीं. १९४९ सालीं ७,९९० डॉलर किंमतीनें विक्री सुरू झाली. माजी सैनिकास रोख कांहींच न देतां सुमारें ५८ डॉलरांचा हप्ता पडे, म्हणजे स्वतःचें घर भाड्याच्या घराहून स्वस्त! त्या मार्चमध्यें एका दिवसांत चौदाशें करार झाले.

घराबरोबर राहणीचे नियमहि मिळाले. कुंपण घालावयाचें नाहीं, हिरवळ वेळच्या वेळीं कापावयाची, शनिवार-रविवारीं अंगणांत धुणें वाळत टाकावयाचें नाहीं. १९५० च्या नमुन्यांत तर दूरचित्रवाणीचा संच भिंतींतच बसविलेला होता. त्या वर्षीं देशांतील शंभरांपैकीं नऊ घरांत असा संच होता. दहा वर्षांनीं शंभरांपैकीं सुमारें सत्त्याऐंशी घरांत. संध्याकाळीं शेजाऱ्याच्या ओट्यावर बसण्याची वेळ ह्या पेटीनें घेतली. १९५६ सालीं ४१,००० मैल महामार्गांचा कायदा झाला आणि काम शहरांत व बिऱ्हाड बाहेर, ही विभागणी पक्की झाली.

स्त्रियांच्या वांट्याला ह्यांतून काय आलें? युद्धकाळीं ज्यांनीं विमानांचे पत्रे जोडले त्यांना शांतता होतांच घरीं पाठविण्यांत आलें. मुलींचीं लग्नें विशीच्या आसपास होऊं लागलीं. १९४६ ते १९६४ या काळांत सुमारें साडेसात कोटी मुलें जन्मलीं. धुण्याचें यंत्र आलें, तरी सकाळीं नवरा मोटार घेऊन गेल्यावर त्या सारख्या दिसणाऱ्या रस्त्यांवर गृहिणी एकटीच उरे. बेटी फ्रीडन यांनीं १९६३ सालीं ‘द फेमिनिन मिस्टिक’ ह्या ग्रंथांत हें मूक दुःख बोलून दाखविलें. पण चित्र एवढ्यानें पुरें होत नाहीं. १९६० पर्यंत दहा विवाहित स्त्रियांपैकीं तीन पुन्हां नोकरीवर गेल्या होत्या. घराचे, गाडीचे व यंत्रांचे हप्ते एका पगारांत भागत नव्हते.

विद्वानांनीं ह्या वसाहतींची यथेच्छ टवाळी केली. सारखीं घरें, म्हणून सारखीं माणसें, असा त्यांचा आक्षेप. जॉन केनेथ गॅलब्रेथ, जे पुढें १९६१ ते १९६३ हिंदुस्थानांत अमेरिकेचे राजदूत होते, त्यांची १९५८ सालची टीका अधिक खोल होती: खासगी घरांत वस्तूंची रेलचेल, पण सार्वजनिक सोयींची हेळसांड. सारखेपणाचा आक्षेप मात्र आम्हांस उथळ वाटतो. हर्बर्ट गान्स नांवाचे समाजशास्त्रज्ञ न्यू जर्सींतील तिसऱ्या लेव्हिटटाउनांत सुमारें दोन वर्षें स्वतः राहिले, आणि तेथील माणसें शहरी टीकाकार समजतात तितकीं एकसांचीं नाहींत असें त्यांनीं १९६७ सालीं लिहिलें. ट्रॅमच्या डब्यांतून सुटलेल्या जोडप्यास शेजाऱ्याचें घर आपल्यासारखेंच असल्याचा खेद वाटण्याचें कारणहि नव्हतें.

खरा दोष घराच्या आकारांत नव्हता, भाडेपट्ट्याच्या कागदांत होता. श्वेतवर्णीयांखेरीज इतर कोणास ह्या जागेचा वापर करूं देऊं नये, घरकामाच्या नोकरांचा अपवाद करावा, असें कलम त्यांत स्पष्ट होतें. हा केवळ एका बांधकामवाल्याचा दुराग्रह नव्हे. संघीय खातेंच मिश्र वस्तीला धोक्याची मानीत असे व अशा निर्बंधांस उत्तेजन देत असे. ३ मे १९४८ रोजीं शेली विरुद्ध क्रेमर ह्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं अशीं कलमें न्यायालयांमार्फत अमलांत आणतां येणार नाहींत. कागदावरील कलम पुढें गेलें, व्यवहार तोच राहिला. घरांचा प्रश्न सोडवूं किंवा वर्णाचा, दोन्ही एकदम नव्हे, असें विल्यम लेव्हिट उघड म्हणत. ते स्वतः ज्यू होते. वगळलें जाणें म्हणजे काय हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नसेल. कर्जाचीहि तीच कथा. १९४७ सालीं मिसिसिपी राज्यांतील तेरा शहरांत माजी सैनिकांस हमीचीं ३,२२९ कर्जें मिळालीं. त्यांतील कृष्णवर्णीयांच्या वांट्यास आलीं अवघीं दोन.

पेन्सिल्व्हेनियांतील दुसऱ्या लेव्हिटटाउनांत ऑगस्ट १९५७ मध्यें विल्यम व डेझी मायर्स हें कृष्णवर्णीय दांपत्य मुलांसह राहावयास आलें. कंपनी घर देईना, म्हणून त्यांनीं तें पहिल्या मालकाकडून विकत घेतलें होतें. मायर्स हेहि सैन्यांतून आलेले. रात्रीमागून रात्र जमाव घरासमोर जमला, खिडक्यांच्या कांचा फुटल्या, राज्याच्या पोलिसांना यावें लागलें. शेजारचें एक ज्यू कुटुंब त्यांच्या पाठीशीं उभें राहिलें व त्याचा त्रास त्यानेंहि सोसला. मायर्स कुटुंब हललें नाहीं. पुढें कांहीं वर्षें तेथेंच राहिलें.

घरविक्रींतील वर्णभेद संघीय कायद्यानें बंद झाला तो ११ एप्रिल १९६८ रोजीं. १९४० सालीं देशांतील शंभरांपैकीं सुमारें ४४ कुटुंबें स्वतःच्या घरांत राहत होतीं, तीं १९६० सालीं ६२ झालीं होतीं. मधल्या वर्षांत ७,९९० डॉलरांच्या घरांची किंमत चढत गेली. ज्यांनीं तीं वेळेवर घेतलीं, त्यांनीं वर माळे चढविले, मागें खोल्या काढल्या, आणि तीं घरें मुलांच्या नांवें केलीं. ज्यांना तीं मिळालीं नाहींत, तीं कुटुंबें तोंवर शहरांत भाडेंच भरीत होतीं.