माप कोणाकडे? महाराष्ट्रातील ड्रेसच्या दुकानांची पूर्वपीठिका

केवळ स्त्रियांचे शिवलेले कपडे, म्हणजे आज सरसकट ‘ड्रेस’ म्हणून ओळखले जाणारे सलवार-कमीज, कुर्ती, गाऊन आदी, विकणारे स्वतंत्र दुकान ही महाराष्ट्राच्या कापडव्यापाराच्या दीर्घ इतिहासातील अगदी अलीकडची गोष्ट आहे. पैठण-येवल्याचे रेशीम आणि हातमागाचे सूत शतकानुशतके बाजारात येत होते, परंतु स्त्रियांसाठी विकले जाई ते प्रामुख्याने कापड. अंगाबरोबर बेतलेला पोशाख नव्हे. कापड आणि पोशाख यांच्यामधले अंतर शरीराच्या मापाचे असते, आणि हे माप घेण्याची व ते चुकल्यास नुकसान सोसण्याची जबाबदारी ग्राहक, शिंपी आणि दुकानदार यांपैकी कोणाकडे राहिली, यावर या धंद्याचे स्वरूप वेळोवेळी ठरत गेले.

जुन्या पोशाखाची रचनाच अशी होती की मापाचा प्रश्न फारसा उपस्थित होऊ नये. नऊवारी लुगडे सडपातळ सुनेला आणि स्थूल सासूला सारखेच चाले. घडी मोडेपर्यंत त्याचे मोल टिके, त्यामुळे या हंगामात न खपलेले लुगडे दुकानदार पुढच्या लग्नसराईत पुन्हा गादीवर मांडू शके. चोळीसाठी लागणारा ‘खण’, म्हणजे एका चोळीपुरता कापडाचा तुकडा, गुळेदगुड्डसारख्या आज कर्नाटकात असलेल्या विणकर गावांतून येई आणि तुकडा म्हणूनच विकला जाई. चोळीची समोरची गाठ कमी-अधिक आवळता येत असल्याने तीही थोडीफार सैलघट्ट चालून जाई. अनेक गावांत शिंपी समाजातील कुटुंबे कापड विकत आणि शिवूनही देत, परंतु ती दोन कामे वेगळी मानली जात व त्यांची मजुरी आणि किंमतही वेगळी धरली जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवणयंत्र आले आणि पुढे पोलके व ब्लाउज रूढ झाले, तेव्हा माप टाळणे अशक्य झाले. परक्या पुरुषाने स्त्रीच्या अंगाला टेप लावणे मर्यादेला सोडून मानले जाई, म्हणून ‘मापाच्या ब्लाउजा’ची प्रथा पडली. नीट बसणारा एक जुना ब्लाउज कापडासोबत शिंप्याकडे पाठवायचा, शिंप्याने तो पाटावर पसरून खांदा, छाती, बाही आणि कंबर मोजायची आणि नव्या कापडावर खडूने तेच उतरवायचे, अशी ती पद्धत होती. जुन्या ब्लाउजाच्या शिवणीत ठेवलेली माया, म्हणजे पुढे उसवून सैल करता यावे म्हणून आत सोडलेले जादा कापड, किती आहे हे बोटांनी चाचपून ओळखणारा शिंपी कुशल समजला जाई. ही प्रथा आजही पुष्कळ घरांत टिकून आहे. दुसऱ्या बाजूने स्त्रिया स्वतः शिवण शिकू लागल्या. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने शिवणकामाला शिक्षणात स्थान दिले, आणि ‘शिवणक्लास’ ही मराठी मध्यमवर्गाची एक ओळखीची संस्था होऊन बसली. मुंबईच्या फोर्ट भागात व्हाइटवे लेडलॉसारखी मोठी युरोपीय दुकाने तयार कपडे विकत होती, परंतु त्यांची गिऱ्हाइके निराळी होती. मराठी घरांतील स्त्रियांच्या वस्त्रखरेदीवर त्यांचा प्रभाव नगण्य राहिला.

धंद्याला खरी कलाटणी मिळाली ती फाळणीनंतर. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या पाच छावण्यांत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले आणि त्यातूनच उल्हासनगर वसले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसवली गेली. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीचा इतिहास याहून विलक्षण आहे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित, बहुतांशी स्त्रिया व मुले, राहत होते. ते गेल्यावर त्याच बराकींत सिंधी कुटुंबे आली आणि ‘गांधीनगर’ नावाने त्या वस्तीची पुढे पश्चिम महाराष्ट्रातील कापडाची एक मोठी घाऊक पेठ झाली. एका देशाच्या विस्थापितांनी रिकाम्या केलेल्या जागेत दुसऱ्या देशातून विस्थापित झालेल्यांनी बाजार उभा करावा, ही घटना मराठी आर्थिक इतिहासलेखनात जितकी नोंदली जायला हवी होती तितकी नोंदली गेलेली नाही.

या व्यापाऱ्यांजवळ जमीनजुमला नव्हता आणि पिढीजात पेढीही नव्हती, म्हणून कमी नफ्यावर माल झटपट फिरवणे आणि ओळखीच्या किरकोळ दुकानदाराला उधारीवर माल देणे हेच त्यांचे भांडवल ठरले. सांगली, सातारा, कोकण आणि सीमाभागातल्या लहान दुकानदाराला मुंबईच्या मूळजी जेठा किंवा मंगळदास मार्केटची फेरी परवडत नसली, तरी सकाळची एसटी धरून गांधीनगरला ‘माल भरायला’ जाणे आणि संध्याकाळी गठ्ठे घेऊन परतणे शक्य झाले. लहान गावात कपड्यांचे दुकान काढण्यासाठी लागणारे भांडवल यामुळे खाली आले.

याच काळात सलवार-कमीज ‘पंजाबी ड्रेस’ या नावाने शहरांतून महाविद्यालयीन मुलींमध्ये पसरत गेला, आणि दुकानदाराने तो स्वीकारला तो ‘ड्रेस मटेरियल’च्या रूपात. यात कमीजचे सुमारे अडीच मीटर, सलवारीचे तितकेच किंवा थोडे कमी, आणि जोडीला ओढणी असे तीन न शिवलेले तुकडे एका पुडक्यात घडी घालून मिळतात. सलवारीची नाडी कोणत्याही कमरेला पुरते, कमीज शिंपी शिवतो, आणि दुकानदार लुगड्याच्या काळाप्रमाणेच मापापासून मोकळा राहतो. दादरचे हिंदमाता मार्केट अशाच मालासाठी प्रसिद्ध झाले. त्याच्या आधाराने फक्त अस्तर, ब्लाउजपीस आणि फॉल विकणारी ‘मॅचिंग सेंटर’ निघाली, आणि भिशीच्या ओळखीतून घरातल्या घरात हप्त्याने ड्रेस मटेरियल विकणाऱ्या स्त्रियांचा एक मोठा वर्ग तयार झाला. इतिहासाच्या पुस्तकांत या स्त्रियांचा उल्लेख क्वचितच येतो, तरी स्त्रीने स्त्रीला कपडे विकण्याची सुरुवात अनेक गावांत त्यांनीच केली. घरात घालायचा सैल गाऊन हाही तयार कपडा त्यांच्यामुळे घरोघरी पोहोचला. तो सैल असल्यानेच खपला.

तयार ड्रेस मोठ्या प्रमाणावर उशिरा येण्यामागे सरकारी धोरणही होते. तयार कपड्यांचे उत्पादन दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव होते आणि २००० सालच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग धोरणाने ते राखीव यादीतून काढण्याचा निर्णय झाला. १९९१ साली अंधेरीत सुरू झालेल्या शॉपर्स स्टॉपसारख्या दालनांनी हँगरवरची विक्री, ट्रायल रूम आणि ठरलेली किंमत यांची सवय शहरी ग्राहकाला लावली होती. त्यापुढे कुर्ती आणि लेगिंग तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या. मात्र यासोबत मापाची जोखीम प्रथमच पूर्णपणे दुकानदारावर आली. एकच नमुना चार रंगांत आणि पाच मापांत ठेवायचा तर वीस नग घ्यावे लागतात, आणि घाऊक व्यापारी बहुधा सर्व मापांचा ‘सेट’ देतो, सुटे माप देत नाही. मधली मापे आठवड्यात संपतात, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी उरतात, आणि फॅशन बदलली की तो माल पडून राहतो. नव्याने ड्रेसचे दुकान काढणारे बुडतात ते बहुधा विक्री कमी झाल्याने नव्हे, तर नफा अशा उरलेल्या मापांत अडकल्याने.

याला उत्पादकांची मापेही जबाबदार आहेत, कारण एका कंपनीचे ‘लार्ज’ दुसरीच्या ‘मीडियम’एवढे असते. भारतीय शरीराची प्रमाणित मापे ठरवण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयोगटातील २५ हजारांहून अधिक व्यक्तींची त्रिमितीय मोजणी करण्याचा प्रकल्प हाती घेतला. अशी प्रमाणित मापे लहान कारखान्यांपर्यंत पोहोचून प्रत्यक्ष वापरात येणे, ही मोठ्या दालनांपेक्षा तालुक्याच्या गावातील दुकानदाराची अधिक निकडीची गरज आहे.