अरुंद दार आणि सणाची गर्दी

धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापूरच्या महाद्वाराकडे जाणारा रस्ता ज्यांनीं आश्विनांत पाहिला आहे, त्यांना गर्दी म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. दोहों बाजूंस हळदकुंकवाच्या राशी, बांगड्या, खण-नारळ, परड्या आणि कवड्यांच्या माळा यांचीं दुकानें, आणि मधून माणसांचा पूर. दसऱ्यानंतर देवी श्रमनिद्रा घेते व पौर्णिमेच्या सुमारास पुन्हां सिंहासनावर येते, अशी श्रद्धा आहे. त्या पौर्णिमेसाठीं सोलापुराहून सुमारें ४५ किलोमीटरांची वाट तुडवीत भाविकांचे थवे येतात. देऊळ बालाघाटाच्या उतारावर, खोलगट जागीं आहे. महाद्वारांतून आंत शिरलें कीं पायऱ्या उतराव्या लागतात. कल्लोळ व गोमुख हीं तीर्थें मागें टाकून निंबाळकर दरवाजांतून पुन्हां खालीं जावें लागतें. दर्शनाची ओढ असते, तशी बाजाराचीही असते. कारण आपल्याकडे देऊळ आणि बाजार सणाच्या दिवशीं एकाच रस्त्यावर भरतात. त्या रस्त्यावर उभें राहिलें कीं मनांत येतें, इतक्या माणसांना एकमेकांपासून धोका असलाच, तर तो नेमका कशांत आहे?

आपली नेहमींची समजूत अशी, कीं गर्दींत माणूस माणूस राहत नाहीं. लोभ किंवा भीति त्याच्या मानगुटीस बसते आणि तो दुसऱ्यास तुडवून पुढें जातो. दुर्घटना घडली कीं दुसऱ्या दिवशीं ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द छापून येतो, आणि दोष बहुधा मेलेल्यांच्याच पदरीं पडतो. ही समजूत कितपत खरी आहे, हें पाहावयाचें तर ज्या गर्दीवर लोभाचा आरोप सर्वांत सहज करतां येईल, तिच्यापासूनच आरंभ करूं. म्हणजे फुकट किंवा स्वस्त मिळणाऱ्या वस्तूंसाठीं जमलेल्या गर्दीपासून.

१६ जून १८८३. इंग्लंडांतील संडरलंड येथें व्हिक्टोरिया हॉलमध्यें मुलांसाठीं करमणुकीचा खेळ होता. शेवटीं बक्षिसें जाहीर झालीं आणि खालीं बसलेल्या मुलांना रंगमंचावरून वस्तु मिळूं लागल्या. आपण मागें राहूं या चिंतेनें वरच्या गॅलरींतील मुलें जिन्यानें खालीं धांवलीं. तीं हजाराच्या वर होतीं. जिन्याच्या तळाशीं एक दार होतें. तें आंतल्या बाजूस उघडत असे, आणि एका वेळीं एकच मूल बाहेर पडेल एवढी फट ठेवून त्यास अडसर घातला होता. पुढचीं मुलें दाराशीं अडकलीं. मागच्यांना तें दिसत नव्हतें, म्हणून तीं येतच राहिलीं. त्या जिन्यावर १८३ मुलें गेलीं. दुसऱ्याचें वाईट करावें असें त्यांतील एकाच्याही मनांत नव्हतें. खेळणें हवें होतें, एवढेंच.

तेरा वर्षांनीं, ३० मे १८९६ रोजीं, मॉस्कोच्या खोदिन्का मैदानावर झार दुसरा निकोलस याच्या राज्याभिषेकानिमित्त प्रजेस भेट वांटावयाची होती. रुमालांत बांधलेले खाद्यपदार्थ आणि आठवणीदाखल एक पेला, एवढीच ती भेट. ती सर्वांना पुरणार नाहीं अशी बातमी पहांटे पसरली. मैदान लष्कराच्या कवायतीचें. त्यावरचे खंदक आणि खड्डे तसेच पडलेले होते. त्यांत माणसें पडलीं आणि त्यांच्यावर आणखी माणसें. सरकारी आकडा १,३८९ मृतांचा आहे. त्याच रात्रीं झार फ्रेंच वकिलाच्या नृत्यसमारंभास गेला, ही गोष्ट रशियन लोक पुढें विसरले नाहींत.

अमेरिकेंत थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शुक्रवारीं नाताळच्या खरेदीस आरंभ होतो आणि दुकानदार मोठ्या सवलती जाहीर करतात. २८ नोव्हेंबर २००८ च्या पहांटे न्यूयॉर्कजवळ व्हॅली स्ट्रीम येथील वॉलमार्टच्या दुकानासमोर सुमारें दोन हजार माणसें जमलीं होतीं. उघडण्याच्या वेळीं त्या रेट्यानें दार मोडलें आणि दाराशीं उभा असलेला एक कामगार गुदमरून मेला. गर्दी येणार हें ठाऊक असतां तिची व्यवस्था केली नाहीं, म्हणून सरकारी खात्यानें दुकानास ७,००० डॉलर दंड ठोठावला. आपल्याकडेही २००६ च्या प्रजासत्ताकदिनीं बिग बझारनें ‘सर्वांत स्वस्त दिवस’ जाहीर केला, तेव्हां कांहीं ठिकाणीं गर्दी न आवरल्यामुळें दुकानांचीं दारें बंद करावीं लागलीं.

आतां अशा गर्दींत माणूस मरतो कसा, तें पाहिलें पाहिजे. एका चौरस मीटर जागेंत दोनतीन माणसें असलीं तर प्रत्येकजण आपल्या इच्छेनें चालूं शकतो. तोच आकडा सहासातांवर गेला कीं पाऊल आपलें राहत नाहीं. सबंध समुदाय पाण्यासारखा हेलकावे घेऊं लागतो. छातीवर चहूंकडून दाब येतो, फुप्फुसांना फुगावयास जागा उरत नाहीं, आणि माणूस उभ्याउभ्याही गुदमरतो. मागचा मनुष्य वीतभर पुढें सरकतो, कारण पुढें जागा झाली असें त्याला वाटतें. त्याचा तो हलकासा रेटा कित्येक अंगांतून सांठत पुढें पोंचतो, तेव्हां त्यानें लोखंडी कठडेही वांकतात. ढकलणारास आपण ढकलतों आहों हें कळत नाहीं, आणि गुदमरणाराची हांक मागें पोंचत नाहीं.

हें ध्यानांत आलें म्हणजे आपल्या महाराष्ट्रांतील दोन घटनांचा अर्थ उलगडतो. २९ सप्टेंबर २०१७ हा दसऱ्याचा आदला दिवस. मुंबईस परळ आणि एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आतांचें प्रभादेवी, या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर सकाळीं गर्दी होती. अकस्मात् पाऊस आला. पुलावरचे लोक आडोशास थांबले, आणि गाड्यांतून उतरणारे वर चढतच राहिले. फुलांचा एक भारा खालीं पडला, कोणी ‘फूल पडलें’ म्हणालें, आणि गर्दीनें ‘पूल पडला’ असें ऐकलें, अशी हकीकत त्या वेळीं प्रसिद्ध झाली. २३ जीव गेले. सणाचीं फुलें घेऊन निघालेल्या आणि कामावर चाललेल्या माणसांना लोभी कोण म्हणेल? त्या भागांतील गिरण्या जाऊन कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या, माणसांची ये-जा कितीतरी वाढली होती. जिना मात्र पूर्वींचाच होता. पुढें लष्करानें तेथें नवा पादचारी पूल बांधला आणि फेब्रुवारी २०१८ मध्यें तो खुला झाला. जें काम पांच महिन्यांत होऊं शकलें, तें आधीं झालें नव्हतें.

दुसरी घटना २५ जानेवारी २००५ ची. त्या दिवशीं पौष पौर्णिमा होती. वाईजवळच्या मांढरदेव येथें काळुबाईच्या यात्रेंत तीनशेंच्या आसपास माणसें मरण पावलीं. नारळाच्या पाण्यानें पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. वाट चिंचोळी, आणि तिच्या कडेनें दुकानांची दाटी. त्यांतच दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या, आणि सुटकेची वाटच उरली नाहीं. या प्रकरणाच्या चौकशीसाठीं न्यायमूर्ति राजन कोचर यांचा आयोग नेमला गेला.

मांढरदेवाचें हें वर्णन ऐकतांना तुळजापूर आठवल्यावांचून राहत नाहीं. उतार तोच, पायऱ्या त्याच, नारळ आणि दुकानेंही तींच, आणि दिवसही पौर्णिमेचाच. भाविकही दोहोंकडे सारखेच. एका ठिकाणचे शहाणे आणि दुसऱ्या ठिकाणचे वेडे असें नाहीं. आश्विन पौर्णिमेस पायीं येणारांसाठीं सोलापूरचा रस्ता वाहनांस बंद ठेवतात, दर्शनाच्या रांगा वेगळ्या बांधतात. माणसें सुखरूप घरीं परततात तीं अशा व्यवस्थेमुळें. गर्दीस उपदेश करून भागत नाहीं; तिला जागा द्यावी लागते. आणि ही जागा कोणी एकदम हिरावून घेत नसतो. दुकानाची फळी हातभर पुढें सरकविणारा ती थोडी खातो, आणि वाटेंतच उभें राहून बांगड्यांचा भाव करणारे तुम्ही-आम्ही आणखी थोडी.

संडरलंडच्या मुलांनंतर इंग्लंडांत सार्वजनिक करमणुकीच्या जागांना बाहेरच्या बाजूस उघडणारीं दारें असावींत असा कायदा झाला. १८९२ मध्यें रॉबर्ट ब्रिग्ज यानें, आंतून नुसतें रेटलें असतां निघणाऱ्या अडसराचें पेटंट घेतलें. आज चित्रपटगृहांतून बाहेर पडतांना दारावरचा जो आडवा दांडा आपण ढकलतों, तो त्याचाच वंशज. मागून येणारा रेटा थांबवितां येत नाहीं, म्हणून त्या रेट्यानेंच दार उघडावें, एवढी साधी युक्ति त्यांत आहे. ती सुचावयास १८३ मुलें जावीं लागलीं. आपल्या जिन्यांचा, पुलांचा आणि देवळांच्या वाटांचा विचार पौर्णिमेच्या आधीं व्हावयास हवा.