मामांचा ओटा

परवा आजोळी जाऊन आलो. गावाचं नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं, पण आमच्या घरात गप्पांच्या ओघात अजून औरंगाबादच येतं. मामांचं घर गुलमंडीजवळ. २०११च्या सुमारास जुन्या शहरात रस्ता रुंदीकरण झालं, त्यात घराचा ओटा आणि पुढची खोली गेली. आता दाराबाहेर पाऊल टाकलं की थेट रस्ता, आणि त्यावर कुणाची तरी मोटरसायकल लावलेली!

आजी त्या ओट्यासाठी बरेच दिवस हळहळत होती. भाजी निवडणं, शेजारणींशी बोलणं, आम्हा पोरांवर लक्ष ठेवणं, सगळं तिथूनच चालायचं. मामांनी मात्र कागदावर मुकाट सही केली होती. आजोबांच्या शेवटच्या आजारात अँब्युलन्स दारापर्यंत येऊ शकली नव्हती. त्यांना खुर्चीत बसवून चौकापर्यंत न्यावं लागलं होतं. "ओटा महत्त्वाचा की माणूस?" मामांच्या या प्रश्नाला आजीकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही.

पण परतीच्या प्रवासात एक विचार डोक्यात घोळत राहिला. शहर वसवताना माणसं आधी काय आखतात?

१६१० साली खडकी नावाच्या खेड्याच्या जागी मलिक अंबरनं हे शहर वसवलं. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला होता. १६१७च्या सुमारास त्यानं नहर बांधायला घेतली. हर्सूलकडच्या उंच भागातलं जमिनीतलं पाणी केवळ उताराच्या जोरावर शहरातल्या हौदांपर्यंत आलं. ना पंप, ना वीज. पुढच्या काळातली गोष्ट पाहा. पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी पंपांनी चढावर उचलून आणलं, तरी कित्येक वर्षं नळाला पाणी काही दिवसांआड यायचं!

१६५३ साली औरंगजेबानं गावाला आपलं नाव दिलं आणि १६८२च्या सुमारास तटबंदी उभी केली. रस्ते दरवाजांतून बाहेर पडू लागले. दिल्ली गेट, पैठण गेट... नावातच दिशा. तट बराचसा गेला, काही दरवाजे राहिले, आणि आज गाड्या त्यांना वळसे घालत जातात.

मग १९७०च्या दशकात सिडको आली. तटाबाहेर, जालना रोडच्या बाजूला एन-१, एन-२ अशा आकड्यांच्या वसाहती आखल्या गेल्या. जुन्या शहरातले लोक तेव्हा हसायचे म्हणे, "आकड्यांच्या गल्लीत कोण राहणार?" माझी मावशी राहिली ना! तिच्या घरापासून शाळा, किराणा, बाग सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. घरांच्या आधी या गोष्टींना नकाशात जागा मिळाली होती, हे मला आत्ता आत्ता कळलं. २००६ साली सिडकोनं या वसाहती महापालिकेकडे सोपवल्या.

म्हणजे अंबरनं आधी पाणी आखलं, सिडकोनं शाळा-बागा. आणि रुंदीकरण करताना आपण आधी गाडी पाहिली. आजोबांची अँब्युलन्स त्या रस्त्यावरून आता येईल, हे खरंच आहे. पण ती रोज येत नाही, आजी मात्र ओट्यावर रोज बसायची. रस्ता हवाच होता, फक्त बसणाऱ्याची आणि चालणाऱ्याची जागा कुणी मोजलीच नाही.

मामा आता पंचाहत्तरीला आलेत. २०२१पासून खाम नदीच्या सफाईचं काम सुरू झालं आणि लोखंडी पुलाजवळ काठानं फिरायला वाट झाली. मामा तिथे सकाळी जातात. या वेळी मीही गेलो. चालायला जाण्यासाठी आम्ही दोघं रिक्षानं गेलो, कारण घरासमोरचा रस्ता चालत ओलांडायची मामांना भीती वाटते!

तिथल्या बाकावर टेकल्यावर मामा हळूच म्हणाले, "तुझ्या आजीला आणायला हवं होतं रे इथे."

ओट्याबद्दल ते कधीच काही बोलले नव्हते. त्या दिवशीही तेवढंच बोलले.

असो. तुमच्या आजोळच्या घराला ओटा आहे का अजून?