एकोणनव्वद दिवस

२०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या नॅशनल गार्डमधले ४० हजारांहून जास्त शिपाई करोनाच्या कामावर होते. कुणी चाचणी केंद्रावर, कुणी फूड बँकेत धान्याची खोकी भरत. मे महिन्यात बातमी फुटली की त्यांची ड्यूटी २४ जूनला संपवायची ठरली आहे. त्यातल्या हजारो जणांचे त्या दिवशी ८९ दिवस भरत होते, आणि सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या जी. आय. बिल या कायद्यातून फीची मदत सुरू होते ती ९० दिवस भरल्यावर. ओरड झाली, आणि मुदत ऑगस्टच्या मध्यापर्यंत वाढली. मी ओहायोतल्या एका कम्युनिटी कॉलेजात अशाच विद्यार्थ्यांचे कागद तपासते. इतरांना धक्का बसला. मला अजिबात नवल वाटलं नाही. या शिपायांचं शिक्षण पहिल्यापासून दिवस मोजूनच दिलं गेलंय.

गार्ड म्हणजे आपल्या प्रादेशिक सेनेसारखं. महिन्यातला एक शनिवार-रविवार कवायत, वर्षाकाठी दोन आठवड्यांचं शिबिर, एरवी नोकरी, शेती नाहीतर कॉलेज. फरक एवढाच, की इथे राज्याचा गव्हर्नरही त्यांना कामाला बोलावू शकतो. सगळी गुंतागुंत इथेच सुरू होते.

जी. आय. बिलाच्या मूळ कायद्याच्या वेळी गार्डवाल्यांचा स्वतंत्र विचार नव्हताच. हॅरी कोल्मेरी नावाच्या वकिलाने वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात, हॉटेलच्याच कागदांवर मसुदा लिहिला आणि २२ जून १९४४ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी सही केली. वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी, वर महिन्याला ५० डॉलर खर्चाला. १९५६ पर्यंत ७८ लाख माजी सैनिक त्यावर काही ना काही शिकले, त्यातले २२ लाख कॉलेजात. (दक्षिणेतल्या काळ्या सैनिकांच्या वाट्याला मात्र बहुतेक बंद दारंच आली. हे गौरवग्रंथांत सहसा तळटीपेत जातं.) पण तो पैसा युद्धावरून परत आलेल्यांसाठी होता.

१९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली. व्हिएतनामला जाणं टळावं म्हणून गार्डमध्ये शिरणारी पोरं यायची थांबली आणि पलटणी रिकाम्या पडू लागल्या. तेव्हा मिसिसिपीचे खासदार सनी माँटगोमेरी पुढे आले. ते स्वतः गार्डमध्ये मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढलेले. त्यांची योजना १ जुलै १९८५ ला सुरू झाली. सहा वर्षांचा करार करा आणि पूर्णवेळ शिकत असाल तर महिन्याला १४० डॉलर घ्या, जास्तीत जास्त ३६ महिने. पूर्णवेळ सैनिकाच्या पगारातून वर्षभर दरमहा १०० डॉलर कापले जात. अर्धवेळवाल्याच्या खिशाला हात नव्हता. माझ्या मते ही कृतज्ञता नव्हती, माणसं धरून ठेवण्याचा सरळ व्यवहार होता, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र आखडता हात पुढेही तसाच राहिला. २०२४ सालीही ही महिन्याची रक्कम ५०० डॉलरच्या आतच होती, आणि ती बायकोमुलांच्या नावे करता येत नाही. ओहायोसारखी राज्यं आपल्या गार्डची सरकारी कॉलेजातली फी स्वतः भरतात, म्हणून पुष्कळांचं निभतं.

११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर हे गणित मोडलं. अर्धवेळ शिपाई इराक-अफगाणिस्तानात वर्ष वर्ष राहून आले. सिनेटर जिम वेब यांचा नव्या जी. आय. बिलाचा २००८ चा कायदा ऑगस्ट २००९ पासून लागू झाला. ९० दिवसांच्या सेवेला ४० टक्के मदत, तीन वर्षांना पूर्ण, अशी तेव्हाची पायरी. पण २००१ मध्ये गव्हर्नरच्या हुकमतीखाली विमानतळांवर बंदुका घेऊन उभे राहिलेल्यांचे दिवस त्यात धरलेच नव्हते! काम राष्ट्राध्यक्षांच्या विनंतीवरून, पगार केंद्राचा, पण कलम वेगळं. ती चूक सुधारायला जानेवारी २०११ उजाडला.

माझ्या टेबलावर येणारे हुकूम दिसायला सारखेच असतात. मी आधी बारीक टायपातली, कलमाचा आकडा सांगणारी एक ओळ शोधते. तिथे ‘१०’ असेल तर ते केंद्राचं बोलावणं. ‘३२’ असेल तर काम कशासाठी होतं ते तपासायचं. पुरात वाळूची पोती टाकायला राज्याने स्वतःच्या खर्चाने बोलावलं असेल, तर ते दिवस शून्य. शनिवार-रविवारच्या कवायतीही शून्य. वीस वर्षांच्या पोराला हे समजावून सांगताना माझाच जीव कानकोंडा होतो.

कुटुंबाचा मार्ग वेबच्या कायद्यातून निघाला. सहा वर्षं सेवा झालेली असावी आणि पुढची चार कबूल करावीत, म्हणजे उरलेले महिने नवरा, बायको किंवा मुलांच्या नावे करता येतात. अमेरिकेतल्या मराठी घरांत कुणी गार्डमध्ये असेल, तर प्रत्येक हुकमाची प्रत जपून ठेवा आणि हा अर्ज नोकरीत असतानाच करा. सेवा सोडल्यावर तो घेतला जात नाही.