सावलीचा बळी

प्रकाशाच्या वाटेंत देह आडवा आला कीं मागें सावली पडते. यापलीकडे सावलीला कांहीं अर्थ नाहीं, असें शास्त्र सांगतें. परंतु ही गोष्ट मनुष्याला सहजासहजीं पटलेली नाहीं. पुष्कळ समाजांनीं सावलीला जीवाचा अंशच मानिलें. आणि एकदां तसें मानिलें म्हणजे ती चोरतां येते, विकतां येते, तिचा बळीहि देतां येतो. या कल्पनेचा मोठा विलक्षण इतिहास आग्नेय युरोपांत सांपडतो.

रुमानियांतील आर्जेश येथें नेआगोये बासाराब या राजानें बांधविलेलें एक सुंदर ख्रिस्तमंदिर आहे. त्याची प्रतिष्ठा १५१७ सालीं झाली. त्याच्या बांधणीविषयीं लोककथा अशी कीं, दिवसा उभारलेली भिंत रोज रात्रीं ढांसळे. अखेर मानोले नांवाच्या प्रमुख गवंड्यानें स्वतःच्या पत्नीला भिंतींत जिवंत चिणलें, तेव्हां काम टिकलें. ही कथा आहे, इतिहास नव्हे. पण वास्तूला जीव दिल्यावांचून ती उभी राहत नाहीं, ही त्या काळची श्रद्धा तींत स्पष्ट दिसते.

या प्रदेशांत जो विधि पुढें आढळतो, त्यांत देहाची जागा सावलीनें घेतली आहे. गवंडी एखाद्या बेसावध माणसाला कामाजवळ आणी, त्याच्या सावलीचें माप गुपचूप घेई आणि तें माप पायाच्या दगडाखालीं पुरून टाकी. ज्याची सावली अशी गेली तो ग्रीसमध्यें वर्षाच्या आंत, आणि ट्रान्सिल्व्हेनियांतील रुमानियन लोकांत चाळीस दिवसांच्या आंत मरतो, अशी समजूत होती. म्हणून नव्या बांधकामावरून जाणाऱ्यास लोक "सावली सांभाळ" असें ओरडून सांगत. सावल्यांचीं मापें गवंड्यांना पुरविणारे व्यापारीहि होते! फ्रेझर यांनीं आपल्या 'गोल्डन बाऊ' या ग्रंथांत हा प्रकार नोंदविला असून, तो जुन्या नरबळीचा सौम्य अवशेष होय, असें मत दिलें आहे.

सौम्य खरा, परंतु निरुपद्रवी नव्हे. वास्तु एकाची आणि तिच्या पायीं जाणारा जीव दुसऱ्याचा, हा जुना अन्याय त्यांत कायमच राहिला. समजूत खोटी असली तरी आपली सावली गेली असें ज्याला कळे, त्याची भीति खोटी नसे. असा मनुष्य मेल्यावर त्या वास्तूचा राखणदार भूत होतो असें मानीत. कांहीं ठिकाणीं तर तो रक्तपिपासू पिशाच्च, म्हणजे व्हँपायर होतो, असेंहि म्हणत.

या व्हँपायरची भीति सरकारदफ्तरांतहि शिरली. १७१८ सालीं उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाच्या ताब्यांत आला. तेथील किसिल्येवो गांवीं १७२५ सालीं एका मृताचें प्रेत उकरून जाळण्यांत आलें. मेद्वेज्या गांवच्या अशाच प्रकाराची लष्करी वैद्यांनीं चौकशी केली. त्यांच्या १७३२ च्या अहवालानें साऱ्या युरोपांत खळबळ उडाली. शेवटीं १७५५ सालीं सम्राज्ञी मारिया थेरेसा हिनें आपले राजवैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यांच्याकडून या प्रकरणांचा विचार करविला. प्रेत लवकर न कुजण्याचीं कारणें नैसर्गिक आहेत, असें त्यांनीं दाखवून दिलें आणि सम्राज्ञीनें मृतांची ही विटंबना हुकुमानें बंद केली.

दफ्तरांतून निघालेला व्हँपायर मग वाङ्मयांत शिरला. एमिली जेरार्ड या बाईंनीं १८८५ सालीं ट्रान्सिल्व्हेनियांतील लोकसमजुतींवर लेख लिहिला. तो ब्रॅम स्टोकर यांनीं वाचला होता. त्यांच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरींतील पिशाच्चाला सावलीच नाहीं. आपल्याकडे नलोपाख्यानांत दमयंतीनें सावली पडत नाहीं या खुणेवरून देव ओळखले. युरोपांत तीच खूण पिशाच्चाची ठरली. दोन्हीकडे अर्थ मात्र एकच: ज्याला सावली नाहीं तो मनुष्य नव्हे.

१९९१ सालीं अमेरिकेंत 'व्हँपायर : द मॅस्करेड' हा खेळ निघाला. मेजाभोंवतीं बसून, दहा बाजूंचे फांसे टाकून, खेळणाऱ्यांनीं व्हँपायरांच्या भूमिका घ्यावयाच्या असा हा प्रकार. त्यांत लासोंब्रा नांवाचें एक कुळ आहे. स्पॅनिश भाषेंत या शब्दाचा अर्थ सावली. या कुळांतील पिशाच्चें आरशांत दिसत नाहींत. पण अंधाराला आज्ञा करतात, आणि त्यांच्यांतील मांत्रिक गूढ विधींनीं अथांग काळोखांतून सावल्या बोलावतात. सावलीचा बळी देणारा गवंडी आणि सावलीवर हुकमत चालविणारा हा काल्पनिक मांत्रिक एकाच कल्पनेच्या दोन टोकांस उभे आहेत.

देहाच्या बळीपासून सावलीच्या मापापर्यंत, आणि तेथून फांशांपर्यंत हा प्रवास झाला. विधींतील थरार अजून शिल्लक आहे. फरक इतकाच कीं, मेजाभोंवतीं बसलेल्या प्रत्येकाला आपण खेळतों आहों हें ठाऊक असतें. पायाजवळून जाणाऱ्या त्या वाटसरूला मात्र कोणी विचारलें नव्हतें.