जलपायगुडीचा अंगठा



काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या स्टोअरमधून तांब्याची तार चोरीस गेली. पोलीस आले. स्टोअरमध्ये झाडलोट करणाऱ्या कंत्राटी कामगारांचेच तेवढे बोटांचे ठसे घ्यावेत, असे व्यवस्थापनाने सुचविले. त्या रात्री त्यांच्यातला एकजण युनियनच्या कचेरीत आला आणि म्हणाला, "भाऊ, अंगठा दिला म्हंजे चोरी कबूल केली असं तर नाही ना होत?" आम्ही त्याला जे सांगितले तेच आज जरा विस्ताराने सांगणार आहोत. आमचे शिक्षण झाले ते गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयात, तेव्हा जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

अंगठ्याचा आणि कष्टकऱ्याचा संबंध जुना आहे. सावकाराच्या खतावर अंगठा, पगाराच्या पत्रकावर अंगठा, आणि वर 'अंगठेबहाद्दर' ही पदवीही आम्हांलाच! इंग्रजांनी हिंदुस्थानात हा प्रयोग सुरू केला तोही एका करारावरच. १८५८ च्या जुलैत बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल ह्या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या इसमाशी रस्त्याच्या मालाचा करार केला आणि कागदावर त्याच्या शाई लावलेल्या हाताचा पंजा उमटवून घेतला. उद्या हा सही नाकारील, त्याला धाक बसावा, एवढाच हेतू होता.

ठसा घेणे सोपे. हजारो ठशांतून हवा तो काढणे कठीण. ही अडचण कलकत्त्यास सुटली. तेथे पोलीस खात्याचे मुख्य एडवर्ड हेन्री होते, आणि त्यांच्या हाताखाली अझीझुल हक व हेमचंद्र बोस हे दोन बंगाली तरुण होते. हक गणिताचे विद्यार्थी. आपल्याकडे लहान मुलांच्या बोटांवर शंख आहे की चक्र, हे आयाबाया कौतुकाने पाहतात. ह्या मंडळींनी त्याच चक्रांचा हिशेब मांडला. दहा बोटांच्या पाच जोड्या पाडावयाच्या. पहिल्या जोडीतल्या चक्राला १६, मग ८, ४, २ आणि शेवटी १ असे मोल द्यावयाचे. प्रत्येक जोडीतल्या एका बोटाची बेरीज वर, दुसऱ्याची खाली. दोहोंत एक-एक मिळवावयाचा. म्हणजे ३२ गुणिले ३२, एकूण १,०२४ खण. माणसाची पत्रिका त्यांतल्या एकाच खणात जाणार. १८९७ च्या जूनमध्ये सरकारने ह्या पद्धतीला मान्यता दिली आणि कलकत्त्यात ठशांची कचेरी उघडली. नाव मात्र राहिले 'हेन्री पद्धती'. पुढे १९२६ साली खुद्द हेन्रींनी एका पत्रात हकांच्या कामाचा मोठा वाटा मान्य केला, सरकारने हकांना खानबहादूर आणि बोसांना रायबहादूर केले. पण नाव बदलले नाही. यंत्राची दुरुस्ती सुचविणाऱ्या फिटरचे नाव पाटीवर येत नाही, हे आम्हांला नवीन नाही.

आता मुख्य गोष्ट. १८९७ सालीच भूतानच्या सरहद्दीजवळ, जलपायगुडी जिल्ह्यात, एका चहामळ्याचा मॅनेजर बिछान्यावर गळा चिरलेला आढळला. पेटी आणि तिजोरी फोडलेली, काही शे रुपये नाहीसे झालेले. संशय कोणावर जावा? पहिल्याने मळ्यातल्या मजुरांवर, कारण मयत कामाच्या बाबतीत फार कडक होता. म्हणजे मालक कडक असणे हा मजुराविरुद्धचा पुरावा! मग आचाऱ्यावर, कारण त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. मयताचे जिच्याशी संबंध होते त्या बाईचे नातलग, जवळ तळ देऊन राहिलेले काबुली, आणि मयताने पूर्वी चोरीबद्दल तुरुंगात धाडलेला एक जुना नोकर, एवढी नावे आणखी.

आचारी सांगू लागला की डाग साहेबांच्या जेवणासाठी मारलेल्या कबुतराचे आहेत. एरवी अशा माणसाचे ऐकले कोणी असते? पण डाग तपासण्यात आले आणि त्याचे म्हणणे खरे ठरले. पक्ष्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लांबट असतात व त्यांच्यात केंद्रक असते; माणसाच्या गोल असतात व त्यांत ते नसते. एवढ्या फरकावर एका गरिबाची मान सुटली.

पेटीतल्या कागदांत एक बंगाली पंचांग सापडले. त्याच्या फिकट निळ्या वेष्टनावर दोन पुसट तपकिरी डाग होते. भिंगाखाली एकात अंगठ्याच्या रेषा दिसल्या. नुसत्या एका बोटावरून १,०२४ खण धुंडाळणे त्या पद्धतीत शक्य नव्हते. पण जुन्या नोकराची, कांगाली चरणची, पत्रिका तुरुंगवासामुळे कचेरीत होतीच. त्याच्या उजव्या अंगठ्याशी ठसा जुळला. शेकडो मैल दूर बीरभूममध्ये त्याला पकडले, ठसा पुन्हा घेतला, पुन्हा जुळला. डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे आहेत, असा दाखला सरकारी रसायन-परीक्षकाने दिला. 'माणसाच्या' असे त्याने म्हटले नाही; ती ओळख पटविणारी परीक्षा जर्मनीत उलेनहूट ह्यांनी १९०१ साली शोधली. जेवढे दिसले तेवढेच लिहिले, हे आम्हांला त्या परीक्षकाचे मोठेपण वाटते.

१८९८ साली खटला उभा राहिला, खुनाचा आणि चोरीचा. न्यायाधीशाबरोबर असेसर बसले होते. अंगठा पंचांगाला लागला, म्हणजे ह्याने पेटी हाताळली, हे त्यांनी मानले. पण गळ्यावर सुरी ह्यानेच फिरविली, हे पाहणारे कोणी नव्हते. चोरीबद्दल शिक्षा झाली. खुनातून तो सुटला. हा निकाल वरच्या कोर्टातही टिकला. त्याने खून केला असेलही. परंतु ठसा स्पर्शाची साक्ष देतो. त्यापुढचे त्याच्याकडून वदवून घेता येत नाही, हे त्या असेसरांनी ओळखले.

१८९९ साली पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन ठसेतज्ज्ञाचे मत ग्राह्य ठरले. मत, निकाल नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते मतच आहे.

त्या झाडूवाल्याला आम्ही आचाऱ्याची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, ठसा दे, भिऊ नकोस. पण तुझा रोजचा वावर तेथे आहे, तेव्हा तुझा ठसा तेथे सापडणारच, हे आधी लिहून घ्यावयास सांग. चांगला तपासनीस अशा वावर असलेल्या सगळ्यांचे ठसे प्रथम घेतो, ते बाजूला काढतो आणि उरलेल्या परक्या ठशाकडे वळतो. दुसऱ्या दिवशी आम्ही गेटवर मागणी केली ती एवढीच, की स्टोअरच्या चाव्या ज्या तीन अधिकाऱ्यांकडे असतात त्यांचेही ठसे घ्यावेत. तास-दीड तास घासाघीस झाली. शेवटी तिघांनी बोटे शाईत बुडविली, आणि त्यानंतर झाडूवाले रांगेत उभे राहिले.