‘डाउन लो’ : कृष्णवर्णीय लैंगिकतेचे अमेरिकी माध्यमांतील चित्रण

पत्नी किंवा प्रेयसी असताना पुरुषांशी लपून शरीरसंबंध ठेवणाऱ्या, पण स्वतःला समलिंगी न म्हणवणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांसाठी अमेरिकेत रूढ झालेली संज्ञा. १९९०च्या दशकातील आर अँड बी गाण्यांत ती स्त्री-पुरुषांच्या चोरट्या प्रेमालाही लावली जाई. २००३ मध्ये द न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनने या पुरुषांवर दीर्घ लेख छापला. २००४ मध्ये जे. एल. किंग यांचे ऑन द डाउन लो हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ऑप्रा विन्फ्री यांच्या कार्यक्रमामुळे ते घरोघरी पोचले. कृष्णवर्णीय स्त्रियांमधील एचआयव्हीचे खापर या पुरुषांवर फुटू लागले. फॉर कलर्ड गर्ल्स (२०१०) या चित्रपटातही नवऱ्याच्या लपवलेल्या संबंधांतून पत्नीला लागण होते.

लपवाछपवी मात्र एका वर्णाची मक्तेदारी नव्हती. ऑगस्ट २००४ मध्ये न्यू जर्सीचे विवाहित गव्हर्नर जेम्स मॅकग्रीव्ही यांनी आपण समलिंगी असल्याचे सांगून राजीनामा जाहीर केला. त्यांच्यावर राजकीय टीका पुष्कळ झाली, पण गोऱ्या नवऱ्यांची साथ आली आहे असे कोणी म्हटले नाही. ब्रोकबॅक माउंटन (२००५) मधले दोन गोरे पुरुष वर्षानुवर्षे बायकांना फसवतात. प्रेक्षकांनी ती शोकात्म प्रेमकथा मानली, आणि ती तशी आहेच. हीच करुणा कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आली नाही. लेखक कीथ बॉयकिन यांनी बियाँड द डाउन लो (२००५) या पुस्तकात हा पक्षपात नेमका दाखवला. त्याचे मूळ जुने आहे : कृष्णवर्णीय पुरुष कामांध आणि धोकादायक असतो, ही प्रतिमा गुलामगिरीच्या काळापासून चालत आली असून झुंडीने केलेल्या हत्यांचे समर्थनही तिच्या आधारे झाले.

फसवणूक खरी होती, स्त्रियांचे आजारपणही खरे होते, मग माध्यमांनी गप्प बसायचे का, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे आणि फसवल्या गेलेल्या स्त्रीचा संताप कोणी हलका लेखू नये. प्रश्न कारणांचा आहे. ग्रेगोरिओ मिलेट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या कृष्णवर्णीयांचे वर्तन गोऱ्यांपेक्षा अधिक जोखमीचे आढळले नाही. संबंध लपवणे हेही वाढत्या लागणीचे कारण ठरले नाही. निदान न झालेला एचआयव्ही आणि लैंगिक संसर्गाचे इतर आजार यांचा वाटा अधिक दिसला. त्यावर इलाज चाचणी आणि दवाखान्याचा होता. स्त्रियांच्या वाट्याला मात्र नवऱ्यावर नजर ठेवण्याचा सल्ला आला. या प्रसिद्धीने रहस्य विकले, आरोग्याला तिचा उपयोग झाला नाही.